पाण्यातला साप कुठं निघालेला असतो

"पाण्यात साप चावत नाही" हे वाक्य आमच्या झाडीपट्टीत इतकं छातीठोकपणे सांगतात की त्याला कोणी उलटा प्रश्नच करत नाही. कारणही तयार असते. तोंड उघडलं की पाणी आत शिरेल अन साप बुडून मरेल, म्हणून पाण्यात तो तोंड उघडतच नाही. आता माझा साधा प्रश्न, मग धोंड्या, हा आमच्याकडचा पाणसाप, मासे काय हातानं पकडतो? पण पारावर हे विचारलं की लोकं आधी हसतात अन मग म्हणतात, तो बिनविषारी आहे ना, त्याचं वेगळं. म्हणजे विषारी सापानं तोंड उघडलं तरच पाणी आत शिरते वाटते.

खरं सांगायचं तर सापाच्या तोंडात पाणी भरलं तरी त्याचं काही बिघडत नाही. त्याच्या श्वासनळीचं तोंड खालच्या जबड्यात, जिभेच्या लगेच मागं असते अन ते श्वास घ्यायच्या वेळेपुरतंच उघडते, बाकी वेळ गच्च बंद. मोठा बेंडूक गिळताना तर साप ही नळी पुढं सरकवून तोंडाच्या बाहेर काढतो, घास अर्धा आत अर्धा बाहेर अन तिकडं श्वास आरामात चालू. त्यामुळे पाण्यात तोंड उघडणं ही अडचण नाहीच, अडचण वेगळीच आहे. पाण्यात आ वासून समोर झेप घेतली की पाणी अडवते, झेपेचा जोर मरतो, वरून तोंडापुढं ढकललेल्या पाण्याचा धक्का माशाला आधीच कळतो अन तो सटकतो. म्हणून पाण्यात शिकार करणारे बरेच साप समोरून झेप मारण्यापेक्षा डोकं आडवं फिरवत बाजूनं तोंड मारतात. पाणी आटत आलेल्या डबक्यात, जिथं बारके मासे दाटीनं जमा झालेले असतात, तिथं धोंड्याला बघा, तो असाच तोंड उघडं ठेवून डावी-उजवीकडं झाडत फिरतो अन जे लागेल ते धरतो. मासा जरा मोठा असला तर त्याला काठावर ओढत आणतो अन शक्यतो डोक्याकडून गिळतो, म्हणजे कल्ल्याचे अन पाठीचे काटे उलटे अडकत नाहीत.

तर पाण्यात साप चावतो. चावायची गरज पडली तर.

हा धोंड्या म्हणजे पुस्तकातली पाणदिवड, कुणी विरोळा म्हणते. अंगावर बुद्धिबळाच्या पटाचे चौकोन, डोळ्याखाली अन डोळ्यामागं दोन काळ्या तिरप्या रेघा, खवले खरखरीत. नाकपुड्या अन डोळे जरा वरच्या अंगाला, म्हणजे सगळं शरीर पाण्यात ठेवून नाकाचं टोक तेवढं वर काढून बसता येते. विष नाही, पण स्वभाव एक नंबरचा तापट. बाकी बिनविषारी साप पळून जातील, हा मान चपटी करून अंग उचलतो अन फटाफट तोंड मारतो. मान चपटी केली की लोकांना फडा दिसतो, अन फडा दिसला की काठी येते. आमच्याकडं नाग म्हणून मारलेल्या सापात धोंडे किती असतील ते देवच जाणे, मी स्वतः तलावाच्या पारीवर मेलेले "नाग" बघितले त्यात खरा नाग क्वचितच निघाला.

आमच्याकडं म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात पाणी म्हटलं की आधी मामा तलाव आठवतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी उतार बघून, पाळ घालून बांधलेले, लहान-मोठे मिळून सहा हजारांच्या वर. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणारी जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडं गेले अन नावात "माजी" तेवढं चिकटून राहिलं. तलावाखाली धानाच्या बांध्या, बांधीला धुरा, धुऱ्यात उंदराची बिळं, बिळात साप. वरच्या पाण्यात मासे, सिंगाडे, कमळ अन परत साप. पावसाळ्यात बांध्या भरल्या की तलाव कुठं संपला अन शेत कुठून सुरू झालं ते सापाला तर सोडाच, नवीन माणसालाही कळत नाही. रोवणीच्या दिवसात चिखलात पिंडरीएवढ्या पाण्यात वाकून बाया पऱ्हे रोवतात अन मधूनच एखादी ओरडते, सगळ्या सरकतात, कुणीतरी धोंड्याला काडीनं उचलून पलीकडच्या बांधीत फेकते अन गाणं जिथं तुटलं तिथून परत चालू. मला या बायांचं जाम कौतुक आहे. सापाबद्दल भाषण देणाऱ्या माझ्यासारख्या माणसापेक्षा त्यांना धोंड्या लवकर ओळखू येतो, अन मण्यार असली तर त्या काडी आणायला जात नाहीत, सरळ धुऱ्यावर चढतात.

पोहण्याचं बघू आता. साप पोहतो कसा हे बघायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर किंवा सकाळचं थंड पडलेलं तलावाचं पाणी, वारा नसताना. डोक्याजवळ एक वळण तयार होते, ते मागं मागं सरकत शेपटीपर्यंत जाते, तेवढ्यात पुढं दुसरं तयार. वळण मागं जाता जाता मोठं होत जाते, डोकं जवळजवळ स्थिर अन शेपटी चांगली झाडली जाते. प्रत्येक वळणाची मागची बाजू पाण्याला तिरपं मागं ढकलते, डावी-उजवीकडचा धक्का एकमेकांना कापून टाकतो अन पुढचा धक्का शिल्लक राहतो. बस, एवढंच इंजिन. वाम मासाही असाच पोहतो.

जमिनीवर पण साप असंच वळणं घेत जातो, तिथं मात्र तो दगडाला, गवताच्या बुडख्याला, ढेकळाला अंग टेकवून रेटा देतो. म्हणून जमिनीवर डोकं जिथून गेलं बरोबर तिथूनच सगळं अंग जाते, ओल्या मातीत उठलेली रेघ बघा, एकच असते. पाण्यात टेकायला काहीच नाही, ज्याला रेटा द्यायचा तेच मागं सरकते. त्यामुळे पाण्यात अंग थोडं आडवं घसरत जाते, अन अंगावरचं वळण जेवढ्या वेगानं मागं पळते त्यापेक्षा साप नेहमी कमी वेगानं पुढं जातो. हा जो मधला फरक आहे तो फुकट गेलेली मेहनत. गुळगुळीत फरशीवर टाकलेला साप वळवळतो पण जागचा हलत नाही, तिथं तर सगळीच मेहनत फुकट. पाण्यात त्याचं बरंच बरं चालते.

हे गणित इंग्लंडमधल्या दोघांनी आधी नीट मांडलं. जेम्स ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये साप सरकतो कसा यावर मोठा पेपर लिहिला, अन जी. आय. टेलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये लांब-बारीक प्राण्यांच्या पोहण्याचा हिशोब केला, त्यात साप होता अन जळूही. टेलरनं एक गमतीची गोष्ट दाखवली. अंग गुळगुळीत असेल तर पुढं जायला लाट डोक्याकडून शेपटीकडं पाठवावी लागते, पण अंगाला दोन्ही बाजूनं आडवी बाहेर आलेली झालर असेल, काही समुद्री किड्यांना असते तशी, तर उलटी म्हणजे शेपटीकडून डोक्याकडं लाट पाठवूनही पुढं जाता येते. आपला साप पहिल्या जातीतला. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस तलावावर जाऊन नुसती वळणं बघत बसलो, घरचे म्हणाले याला काही काम नाही, अन ते बरोबरच होतं.

आता तरंगण्याचं. बहुतेक सापांचं डावं फुप्फुस अगदी नावापुरतं असते किंवा नसतेच, उजवं मात्र अंगाच्या बऱ्याच लांबीपर्यंत मागं गेलेलं असते. त्यातही श्वासाचं खरं काम पुढचा भाग करतो, मागचा भाग नुसती पातळ पिशवी, हवा भरून ठेवायला. आमच्याकडं ढीवर लोकं ट्रकची ट्यूब फुगवून तिच्यावर बसून तलावात जाळं टाकतात ना, तशी सापाची ट्यूब त्याच्या पोटातच असते. हवा भरली की तो वर येतो, हवा सोडली की खाली जातो. म्हणून धामण किंवा नाग घाईत तलाव पार करतो तेव्हा जवळजवळ सगळं अंग पाण्यावर दिसते, अन धोंड्या लपायला निघाला की हवा कमी करून बुडी मारतो अन पाणवनस्पतीत तळाशी जाऊन गप बसतो.

यावरून आठवलं, यूट्यूबवर एक नियम फिरतो की सगळं अंग पाण्यावर तरंगत असेल तर साप विषारी अन डोकंच वर असेल तर बिनविषारी. हा नियम अमेरिकेतल्या कॉटनमाउथ नावाच्या विषारी सापाला तिथल्या साध्या पाणसापांपासून वेगळं ओळखायला लोकांनी काढलेला आहे, अन तिथंही त्याचा फार भरवसा नाही. आपल्याकडं तर त्याचा काडीचा उपयोग नाही कारण आपली धामण अगदी बिनविषारी अन ती मस्त सगळं अंग वर ठेवून पोहते. व्हॉट्सअपवर हे फॉरवर्ड करणाऱ्यांनी कृपया एकदा तरी आपल्या गावच्या तलावाकडं बघावं.

बुडी मारून साप किती वेळ राहतो, हे सगळे विचारतात. थंड रक्ताचा प्राणी म्हटला की त्याला आपल्या मानानं ऑक्सिजन फारच कमी लागतो, बुडी मारल्यावर काळजाचे ठोके आणखी मंद होतात, अन पाणी थंड असेल तर खर्च अजून कमी. म्हणून "आत्ता इथंच बुडाला, आता वर येईल" म्हणून काठी घेऊन उभं राहणारी पोट्टी कंटाळून घरी जातात, साप खाली तसाच. अजगराचं तर विचारूच नका, तो पाणवठ्यावर नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पाण्यात पडून राहतो अन पाणी प्यायला येणाऱ्या जनावराची वाट बघतो, त्याला कसलीच घाई नसते.

पण यात खरे उस्ताद कोकणातले समुद्रसाप. त्यांची शेपटी वल्ह्याच्या पात्यागत चपटी, नाकपुड्यांना आतून झडप, जिभेखाली मीठ बाहेर टाकायची ग्रंथी, अन तासाच्या वरही पाण्याखाली राहण्याची ताकद. त्यातला पिवळ्या पोटाचा समुद्रसाप गरजेच्या ऑक्सिजनपैकी तिसरा हिस्सा नुसत्या कातडीतून घेऊ शकतो. एवढं असून समुद्राचं पाणी तो पीत नाही, पावसाचं गोडं पाणी समुद्रावर पातळ थरात तरंगते ते पितो, पाऊस नाही आला तर महिनोनमहिने तहानलेला. अन त्याला जमिनीवर टाका, पोटाखालचे रुंद खवलेच नाहीत त्यामुळे धड सरकताही येत नाही. तो पाण्याचाच झाला. आमच्या विदर्भात असा एकही साप नाही. इथल्या धोंड्यालाही ऊन खायला, अंडी घालायला, निवांत मासा गिळायला जमिनीवर यावंच लागते, बाकीच्यांचं तर सोडाच. नाग, धामण, मण्यार, नानेटी, परड म्हणजे घोणस, सगळ्यांना पोहता येते पण कोणीही पाण्यात राहायला आलेलं नसते. ते कुठून तरी कुठं तरी निघालेले असतात अन मधे पाणी आलेलं असते.

ही गोष्ट मला शाळेत असताना एका ढीवर मामांनी एका वाक्यात सांगितली. ते ट्यूबवर, मी त्यांच्या मागच्या ट्यूबवर, बापाला न सांगता गेलेलो. तलावाच्या मधोमध एक लांबलचक धामण सरळ माझ्याकडं येताना दिसली. मी ट्यूब वळवली, तीही वळली. मी हातानं सपासप पाणी मारत उजवीकडं गेलो, ती उजवीकडं. मला तर पक्कं झालं की ही मागं लागली. मामा बसल्या जागेवरून ओरडले, "हालू नको बे पोट्ट्या. ते तुयाकडं नाई येऊन रायली, ट्यूबाकडं येऊन रायली." मी हात वर घेऊन गप बसलो. ती आली, ट्यूबच्या कडेवर मान टेकवली, पुढचं हातभर अंग वर चढवलं अन पडून राहिली. माझ्याकडं तिनं बघितलंही नसेल. मामांनी जवळ येऊन लांब बांबूनं तिला हळूच परत पाण्यात सारलं अन ती काठाकडं निघून गेली. माझी अवस्था काय होती ते लिहायची गरज नाही, ओली चड्डी तशीही ओलीच होती.

पाण्याच्या पातळीवर डोकं असलेल्या सापाला दूरचा काठ दिसत नाही हो. त्याला दिसते ते पाण्यातून वर आलेलं काहीतरी काळं, उभं. झाडाचा बुंधा असेल, डोंगा असेल, ट्यूब असेल, नाहीतर गळ्याएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस. त्यात सापाच्या स्नायूंचा दम लवकर संपतो, जोरात पोहला की थोड्या वेळातच तो थकतो, अन पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी लवकर ओढून घेते त्यामुळे थंड पाण्यात तो आणखी ढिला पडतो. मग जिथं टेकायला मिळेल तिथं तो जाणार. आपण म्हणतो साप अंगावर आला, डूख धरला, अन त्याच्या लेखी आपण फक्त पाण्याबाहेर आलेली जागा.

हे पुरात फार महाग पडते. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला जो महापूर आला, मध्य प्रदेशातून संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलेलं, इकडं गोसीखुर्दचे दरवाजे उघडलेले, भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात, तेव्हा ज्या ज्या उंच जागेवर माणसं चढली त्या त्या जागेवर सापही चढले. समाजमंदिराच्या गच्चीवर, कौलाच्या आढ्याला, बाभळीच्या फांदीवर, तणसाच्या ढिगावर. एकाच बाभळीवर धामण, धोंड्या अन नाग, अन कोणी कोणाला काही करत नव्हतं, हे मला एका नातेवाइकानं सांगितलं, मी स्वतः नाही बघितलं, पण पटण्यासारखं आहे कारण भिजलेल्या अन गारठलेल्या सापाला भांडायला ताकद कुठून येणार. खरा धोका पूर ओसरल्यावर. लोकं घरी परत येतात, ओली पोती उचलतात, चुलीजवळचा गाळ हातानं काढतात, अन बिळं बुजलेली असल्यामुळे नाग-मण्यार घरातच कुठं तरी कोरड्या कोपऱ्यात दबून बसलेले. पाणी गेलं की सापही गेला असं वाटते, तो मात्र तिथंच उतरलेला असतो जिथं त्याला पुरानं सोडलं.

पूर्व विदर्भात पट्टेरी मण्यारही आहे, काळे-पिवळे रुंद पट्टे, अंग तिकोनी. पाण्याच्या आसपास राहते अन दुसरे साप खाते, त्यात धोंड्याही आला. म्हणजे तलावाच्या काठावर धोंड्याला वरून बगळा, खालून मण्यार अन मागून आपली काठी.

आता चावण्याबद्दल जरा रोखठोक बोलतो. आमच्या भागातल्या झाडफूक करणाऱ्यांची जी कीर्ती आहे ना, तिच्यात धोंड्याचा फार मोठा वाटा आहे. बांधीत, तलावात चावलेला साप बहुतेक वेळा हाच, चावा चांगला रक्त काढणारा, माणूस घाबरून अर्धमेला, मग मंतर, लिंबाचा पाला अन सकाळी पेशंट ठणठणीत. ठणठणीत होणारच ना, विषच नव्हतं. पण पुढच्या वेळी त्याच भरवशावर मण्यार चावलेल्याला त्याच ओट्यावर नेऊन बसवतात. मण्यारीचा चावा दुखतही नाही, सुजतही नाही, रात्री झोपेत चावली तर खूणही सापडत नाही, पहाटे पापण्या जड होतात, बोलणं अडखळते अन तोपर्यंत वेळ गेलेली असते. नाग, मण्यार, घोणस अन फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडं एकच मिळून लस आहे अन ती सरकारी दवाखान्यात मिळते, घट्ट दोरी बांधू नका, ब्लेडनं कापू नका, हात-पाय हलू न देता थेट गाडीवर टाकून न्या. पाण्यात चावला असेल तरी तेच. "पाण्यातला होता, विष पाण्यात उतरलं असेल" असं म्हणून घरी थांबलेली माणसं मला माहीत आहेत. विष दातातून थेट अंगात जाते, मधे पाण्याला काही कामच नसते.

अन उलट्या बाजूनं, साप पाण्यात मरतो हेही लोकांना पटत नाही. "साप कुठं बुडून मरते का?" मरतो ना. काठ सरळ उभा असलेल्या बिनपायरीच्या विहिरीत, सिमेंटच्या रिंगवाल्या तर खासच, पडलेली धामण गोल गोल पोहत राहते, भिंत गुळगुळीत, टेकायला खोबण नाही, अन तिचा दम संपला की संपली. जुन्या दगडी विहिरीत दगडांच्या फटी असतात म्हणून तिथं साप वर्षानुवर्षं राहिलेले दिसतात, नवीन विहिरीत मेलेले दिसतात. अशी एखादी दिसली तर खाली उतरायची हौस करू नका, दोरीला जुनी टोपली नाहीतर काटक्या असलेली फांदी बांधून तिरपी सोडून ठेवा अन निघून जा. बघत उभं राहिलं की ती वर येत नाही, हे मात्र अनुभवानं सांगतो.

नायलॉनच्या जाळ्याचं त्याहून वाईट. पूर्वी सुती जाळं जाड अन पाण्यात दिसायचं, आताचं तंगूस जाळं रात्रभर पाण्यात उभं लावून ठेवतात, ते दिसत नाही अन सुटत नाही. अडकलेला मासा खायला धोंड्या येतो, मान जाळ्याच्या घरात जाते, खरखरीत खवल्यात धागा रुततो, मागं येता येत नाही, पुढं जाता येत नाही, अन नाक पाण्याच्या वर नेता येत नाही. कितीही मंद ठोके असले तरी शेवटी त्याला फुप्फुसानंच श्वास घ्यायचा असतो. सकाळी जाळं ओढलं की माशांबरोबर एक-दोन मेलेले धोंडे निघतातच, मी ट्यूबवाल्या मामांच्या मुलाला, आता तोच मासेमारी करतो, सांगत असतो की भाऊ, जिवंत निघाला तर धागा कापून सोडत जा.

तो सोडतोही कधी कधी. पण त्याचं म्हणणं वेगळं आहे अन ते मला खोडता येत नाही. मासेमारांच्या सोसायटीनं तलाव लिलावात घेतलेला असतो, रोहू-कतल्याची बोटुकली विकत आणून सोडलेली असते, अन पहिल्या महिन्यात बोटाएवढ्या पिल्लांवर धोंडे तुटून पडतात. मी म्हणालो, अरे तो बेंडूकही खातो, मेलेले-आजारी मासेही खातो, तुझे रोहू किलोभराचे झाल्यावर तो त्यांचं काय वाकडं करणार. तो जाळं उलगडता उलगडता म्हणाला, "किलोभराचे होऊ देईन तवा ना सर. अन धागा कापून सोडा म्हंता, थे तंगूस का भावानं भेटते माहीत हाय का तुमाले?" मला माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं. त्यानंतर मी धागा कापायचा विषय काढला नाही, आता म्हणतो की जमलं तर घर मोकळं करून सोड, अन तो म्हणते की मग तुमी या सकाळी चार वाजता, धरा तुमी त्याचं मुंडकं.